राहिलेले घोडेस्वार

"संपली माझी खेळी," दीर म्हणाला आणि फासे वाटीत टाकून खुर्चीला टेकून बसला.

वहिनीने पटावर नजर फिरवली. जेवणाच्या टेबलापेक्षा मोठा हिरवा पट, मधून निळी नदी, नदीवर पूल. पुलावर तिचे भालेकरी दाटीवाटीने उभे. बोटाच्या पेराएवढे शिपाई, पण प्रत्येकाच्या डोळ्यात बुबुळ होतं. दातांची डॉक्टर होती ती. दवाखाना बंद झाला की बारीक कुंचला घेऊन त्यांना रंगवत बसायची. आज स्पर्धेची शेवटची लढत होती आणि लढतीची शेवटची फेरी. फेरी संपताना पुलावर ज्याचे शिपाई जास्त, तो जिंकला. पुलावर तर तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.

मग तिचं लक्ष टेकडीकडे गेलं. टेकडीआड दिराचे घोडेस्वार जागचे हललेच नव्हते. तिथून पुलापर्यंत सरळ उतार.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस हा. घराला कुलूप लावलं तरी जिन्यातून परत येऊन ओढून बघणारा. आणि तो घोडेस्वार विसरेल?

तिने वर पाहिलं. दीर तिची नजर टाळत होता. तो बघत होता पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या आपल्या आईकडे.

सासूबाई हा खेळ बघायला पहिल्यांदाच आल्या होत्या, त्याही थोरल्याने गळ घातली म्हणून. तो थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, चहाच्या निमित्ताने केव्हाच खाली सटकला होता. हॉलमध्ये पाऊल टाकताच सासूबाई म्हणाल्या होत्या, "धाकट्याचं एक वेळ समजू शकते, तो जन्माचा पोरकट. पण लोकांच्या दाढा काढणारी बाई बाहुल्यांशी खेळते, हे सांगायचं कुणाला?" आजूबाजूच्या खुर्च्या हसल्या होत्या. दिराने तेव्हा मान खाली घातली होती.

आता तिला सगळा उलगडा झाला. चाललं होतं ते चांगल्या मनाने, आणि तिचं डोकं तापलं ते त्यामुळेच.

"भाऊजी, तुमचे घोडेस्वार राहिलेत."

"असू देत, वहिनी. विसरलो."

"तुम्ही?"

"विसरतो हो माणूस." मग तो आवाज उतरवून म्हणाला, "घ्या ना. आई बघतेय."

"म्हणूनच नको." तिने आवाज मुळीच उतरवला नाही. "काल टीव्हीवर शर्यतीचा खेळ खेळताना माझी गाडी दरीत ढकललीत आणि वर नाचलात. तेव्हा कुठे गेली होती ही माया?"

पंच पुढे आले. "खेळी संपली म्हटलं की संपली, डॉक्टर. तुमची हरकत नसेल तरच त्यांना घोडे हलवता येतील. नीट विचार करा."

"हरकत नाही. येऊ देत. माझे भालेकरी तिथे शोभेला उभे नाहीत."

दीर हसला, खुर्ची पुढे ओढली आणि बाह्या सरसावल्या. हाच चेहरा तिला हवा होता. टेप लावून त्याने अंतर मोजलं. काटोकाट पुरलं. घोडे उतारावरून सुटले.

फासे पडले. भालेकऱ्यांची पुढची रांग आडवी झाली. मागच्या रांगेने तग धरला आणि घोडेही पालथे पडू लागले. खुर्च्यांवरची माणसं उठून टेबलाभोवती जमली. पुन्हा फासे. तिचा हात दाढ काढताना असतो तसा स्थिर. ये, अजून ये, ती मनात म्हणत होती.

शेवटचा फासा गडगडत कडेशी जाऊन थांबला. पंचांनी वाकून पुलावरची डोकी मोजली. एका घोडेस्वाराच्या फरकाने पूल तिच्या हातून गेला होता.

टाळ्या झाल्या. पंचांनी दिलेला बक्षिसाचा पेला दिराने तसाच पटाच्या कडेला ठेवला. "काय लढलात, वहिनी! घाम फोडलात."

"पुढच्या वेळी आधी तुमची टेकडीच घेते," ती म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

सासूबाई गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आल्या. "हरलीस ना गं?"

"हरले, आई."

"मग दात कसले काढतेस?"

"मजा आली हो."

सासूबाईंनी चष्म्यावरून पुलाकडे पाहिलं. "हा तुला मुद्दाम सोडत होता."

दीर चपापला. "आई, तसं काही नाही..."

"तू गप्प बस. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज माझ्याशी कॅरम खेळायला बसायचास. रोज मीच जिंकायचे. राणी अगदी भोकाच्या तोंडाशी असायची आणि तुझा नेम चुकायचा. म्हातारीला काय कळतंय!" त्या सुनेकडे वळल्या. "मी मात्र कधी बोलले नाही बघ. आपली जिंकत राहिले."



सासूबाईंनी पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली आणि मुलाच्या जागेवर बसल्या. एक घोडेस्वार उचलून डोळ्यांपाशी नेला, निरखला आणि होता तिथेच नीट ठेवला.

"हे एका दमात किती लांब जातात?"

ती समोर बसली आणि टेप पुढे सरकवली. "सांगते. पण मी सोडायची नाही हं, आई."

"सोडून तर बघ." सासूबाईंनी मान तिरकी करून पटाकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाल्या, "तो पेला उचल रे आधी. टेकडी दिसत नाही."