आंधळ्यांच्या गावची

"म्हणजे पोरगी आंधळ्यांच्या गावची!" राजधानीहून मुलासाठी सोयरीक जुळवायला आलेला म्हातारा नावेतून उतरताच हसला.

आज राजधानी आहे तो समोरचा मोक्याचा किनारा जणू दिसलाच नाही असा सोडून थेक्लाच्या ग्रीक पूर्वजांनी इथे, खाल्केदोनला घरं बांधली; तेव्हापासून गावाला हे नाव चिकटलं होतं. तिचा बाप ओशाळला. थेक्लाचं मात्र टाळकंच सरकलं.

तिने म्हाताऱ्याला हाताला धरून अंगणातल्या अंजिराखाली बसवलं. पाण्यापलीकडे सूर्य मावळत होता. राजधानीचे घुमट, तट, डोलकाठ्या सगळं सोन्यात न्हात होतं.

"हे आमचं शहर?" म्हातारा बघतच राहिला.

"तिथे राहून कसं दिसणार, मामंजी?" थेक्ला म्हणाली आणि तिने जीभ चावली. सोयरीक कुठे ठरली होती!

"मामंजी म्हणालीस, म्हणजे ठरलं!" म्हातारा खदखदून हसला. "पण तू नको येऊस तिकडे. पोरालाच इकडे धाडतो. सोबत मीही येतो."