चौथ्या वर्षाची पांढरी

आत्याने घोट तोंडात घोळवला. बादली पुढे केलेली होती, पण ती थुंकली नाही. गिळला.

"झालं?" भाच्याने वही उघडून शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आता लिही, 'नासली'. खाली सही कर. बाहेर ट्रक उभा आहे."

तळघराच्या झरोक्यातून ट्रकची दोन चाकं तेवढी दिसत होती. व्हिनेगरवाल्याचा ट्रक. भिंतीकडेच्या मांडणीत आडव्या ठेवलेल्या बाराशे बाटल्या त्यातून जायच्या होत्या. दोन जातींच्या द्राक्षांची पांढरी वाइन, चार वर्षांपूर्वी आत्यानेच जुळवलेली. तिच्या हातची शेवटची.

"नासली कुठे? आंबूस वास येतो? बुचाचा येतो?"

"कसलाच येत नाही, तेच तर सांगतोय. पहिल्या वर्षी नाशपाती काय, फुलं काय, लिंबाची साल काय. अर्धा माल हातोहात गेला. उरलेला तू दाबून ठेवलास. आता हिच्यापेक्षा नळाचं पाणी बरं."

"मुकी झालीय."

"मेलीय, आत्या."

"मुकी कुठली आणि मेलेली कुठली हे तुला कळत नाही, आणि तू लोकांना पांढरी विकतोस, बाब्या."

कोपऱ्यात पेले धुणारी बाई पाठमोरीच हसली. पन्नाशीच्या माणसाला कामावरच्या लोकांसमोर कुणी बाब्या म्हणावं, हे भाच्याला खपत नसे.

"जुनं ते सोनं ऐकून माझे कान पिकलेत," तो म्हणाला.

"जुनं कुठे झालंय अजून? हे मधलं आहे. मधल्याला कुणी विचारत नाही." आत्याने पेला उजेडात धरला. "दोन द्राक्षं आहेत हिच्यात. एक गोडबोली. पहिली दोन-तीन वर्षं तीच बोलते, बघणाऱ्याला वाटतं घर हीच चालवते. दुसरी आंबट, तुसडी. ती कुणाच्या खिजगणतीत नसते. मग गोडबोलीचा आवाज बसतो आणि तुसडीने अजून तोंड उघडलेलं नसतं. घरात सगळं सामसूम."

"आई आणि काकूसारखं."

"अगदी तसंच. म्हणून कधी उपाशी राहिलास का?"

भाच्याला हसू आलं. ते त्याने वहीत बघून लपवलं.

"मग रंग पितळेवर जातो," आत्या म्हणाली. "वासाला मध, आणि जिभेवर गोडाचा थेंब नाही. मागून अक्रोड येतो, भाजलेल्या पावाची कड येते. आठव्या, नवव्या वर्षी. तुझ्या लग्नात बाटलीला मिठी मारून बसला होतास ना? तीही चौथ्या वर्षी अशीच गप्प होती. तुझा बाप इथेच उभा होता, हीच वही घेऊन."

"ती उठली म्हणून ही उठेल? खात्री आहे?"

आत्याने पेला खाली ठेवला. "नाही."

"बघ."

"ही मेलीय याची खात्री तुला आहे ना? मग तूच लिही. नियमाने लिही."

नियम भाच्याच्या बापानेच घातलेला होता. ज्याला वहीत 'नासली' लिहायचं, त्याने त्या वाइनचा पेला आधी काठोकाठ भरून प्यायचा. चूळ भरून थुंकायची नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं या घरात चालत नसे.

बाहेर हॉर्न वाजला. भाच्याने पेला भरला आणि औषध घ्यावं तसा एका दमात अर्धा केला. मग त्याचा हात सावकाश झाला. तो जिभेने शोधत होता. आंबलेलं काही, कुजलेलं काही, निदान एखादी कडवट कड. शेवटचा घोट त्याने डोळे मिटून घेतला. नाशपाती आली नाही, मधही आला नाही. पण दुर्गंधही आला नाही. तोंडात राहिलं ते थंड आणि ताठ काहीतरी, दार आतून लावून घेतल्यासारखं.

त्याने पेन उचललं. रकान्यात 'ना' लिहिलं आणि तिथेच टेकवून ठेवलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

आत्याने मान वाकवून वाचलं.

"एवढं बरोबर लिहिलंस," ती म्हणाली, आणि वही ओढून घेऊन त्या 'ना'खाली सही केली. मग पेले धुणाऱ्या बाईला हाक मारली. "ट्रकवाल्याला सांग, आज काही नाही म्हणावं."

बाई हात पुसत जिना चढून गेली. वर इंजिन सुरू झालं. झरोक्यातली चाकं हलली आणि उजेड आत आला.

"पाच वर्षांनी चाखायला तू असशील?" भाच्याने विचारलं. त्याच्या आवाजात आता टोमणा नव्हता.

"नसेन." उद्या दुकान बंद आहे, असं सांगावं तसं ती बोलली. "मी जायची म्हणून हिने आधी जायचं, हा कुठला न्याय?"

मांडणीला पाटी टांगलेली होती. आत्याने ती हाताने पुसली, खडू घेतला आणि पाच वर्षांनंतरचं साल लिहायला घेतलं. एकेक आकडा वीतभर. पाटी पुरेना, तेव्हा शेवटचा आकडा तिने मांडणीच्या लाकडावर काढला.

"एवढं मोठं कशाला?"

"लांबून वाचता यावं म्हणून."

"तुला?"

"तुला," आत्या म्हणाली. "तोवर चष्मा लागलेला असेल."