सात मात्रांचं गाणं

"कॅसेट बाबांच्या हाती लागलीय," मधु फोनवर म्हणाला. "उद्या दुपारी तुला एकटीलाच ठाण्याला बोलावलंय. घाबरू नकोस. ते सांगतील ते फक्त मान्य कर."

चित्रानं फोन ठेवला. दोघांच्या लग्नाला एकवीस दिवस उरले होते, पत्रिकाही वाटून झाल्या होत्या. मधुचे वडील, विश्रामकाका, चाळीस वर्षं तबला शिकवत आलेले. त्यांच्यापुढे बसायला भलेभले घाबरत. आणि कॅसेट होती अमेरिकेतल्या एका रॉक बँडची, केस मोकळे सोडून ओरडणाऱ्या पोरांची. चित्रानं ती मोठ्या हौसेनं मधुला ऐकायला दिलेली. आतल्या कागदावर तिनं पेन्सिलीनं मात्रा मांडलेल्या.

"मैत्रिणीची आहे म्हण आणि मोकळी हो," आई म्हणाली.

डोंबिवलीहून निघाल्यापासून चित्रा तेच वाक्य घोकत होती.

दार मधुच्या आईनं, वासंतीकाकूंनी उघडलं. पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि आत गेल्या. विश्रामकाका टेपरेकॉर्डरसमोर बसले होते.

"काका, ती कॅसेट माझ्या मैत्रिणीची..."

"अक्षर तुझं आहे."

काकांनी बटण दाबलं. आधी गिटारची एकच तार, हळू. मग पुटपुटल्यासारखा आवाज. आणि एकदम सगळी वाद्यं कोसळली. खिडकीची काच थरथरली. आता ओरडतील, म्हणून चित्रानं मान खाली घातली.

"चार दिवस हेच ऐकतोय," काका म्हणाले. "पहिल्यांदा वाटलं, मांडणीवरची भांडी पडली. मग बोटांवर मोजलं. सात मात्रा! तू लिहिल्यास तशाच. आणि तिसऱ्या कडव्यात तो ड्रमवाला समेवर येतच नाही. मला वाटलं, चुकला. चुकला कसला, मुद्दाम थांबला! आणि ही खालची जाड तार कोणाच्या मागे जात नाही, आपली वाट आपण काढते."

"बेस गिटार," ती नकळत बोलून गेली. "आणि मुखडा बघा ना, काका. दोनदा अर्ध्यावर सोडतो. शेवटी एकदाच पुरा म्हणतो."

"म्हणून तर अंगावर काटा येतो, अगं!"

मग काकांनी तबला ओढला. ते ठेका धरत गेले, चित्रा मांडीवर बेसची चाल वाजवत गेली. गाणं तीनदा झालं. कालपासून छातीवर असलेलं ओझं उतरलं. लग्न वाचलं होतं.

निघताना ती नमस्काराला वाकली. काकांनी पाय मागे घेतले.

"काकूंचं गाणं ऐकलंयस कधी?"

"काकू गातात?"

"गायची. लग्नानंतर मी बंद केलं. ओरडून नाही, गोड बोलून." त्यांनी कॅसेट काढून तिच्या हातात ठेवली. "ही माझ्या हाती लागली नव्हती, चित्रा. मधुनं आणून दिली. 'लग्नाआधी तिचं हे खूळ काढा,' म्हणाला, 'पण माझं नाव येऊ देऊ नका.'"

चित्रानं कॅसेट पिशवीत टाकली.

"घरी जा, पोरी. कुणी विचारलं तर सांग, लग्न सासऱ्यानं मोडलं."