रिकाम्या हातानं

दंडाला बांधलेला पट्टा फुगला आणि हळूहळू सैल झाला. डॉक्टर संयोगिताबाईंनी तो पुन्हा फुगवला. दुसऱ्यांदाही प्रेशर तेवढंच भरलं.

“मावशी, गोळी चुकते का?”

“न्हाई बाई,” बनुबाई म्हणाल्या. “चुकंल कशी? ह्ये तांब्या घेऊन फुडं हुबं ऱ्हात्यात. गिळल्याबिगर हालत न्हाईत.”

ते खरंच होतं. शेजारी बसलेले त्यांचे नवरे, लालासाहेब, फौजेतून हवालदार होऊन घरी आलेले. घड्याळ आणि शिस्त तेवढी त्यांनी बरोबर आणली होती.

“आणि मीठ?”

“पापड-लोणचं बंद,” लालासाहेब म्हणाले. “बरणीच माळ्यावर टाकली.”

“चालणं?”

“रोज. पार ओढ्यापतोर. एक दिवस खाडा न्हाई.” हे सांगताना त्यांची मान ताठ झाली.

“मग हे चढतंय कशानं? काल चक्कर येऊन त्या बांधावर बसल्या म्हणता.” डॉक्टरबाई उठल्या. बनुबाईंच्या मागं उभ्या राहून त्यांनी मान चाचपली. बनुबाईंनी ओठ चावला. डॉक्टरबाईंनी डोक्यावरचा पदर बाजूला केला आणि थांबल्या. टाळूवरचे केस झिजून गेले होते. खालची कातडी लाल झाली होती.

“मावशी, डोक्यावर ओझं वाहता?”

लालासाहेब भिंतीवरचा लसीकरणाचा कागद वाचू लागले.

सांगण्यासारखं फार नव्हतं. डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलं, तशा बनुबाई दिवस उगवायला निघू लागल्या. हातात काही नाही, डोक्यावर काही नाही. चार दिवस झाले नाहीत तोवर पारावर दादासोनं लालासाहेबांना अडवलं. “हवालदार, वहिनी रोज सकाळच्या कुणीकडं निघत्यात गड्या? रुसून म्हायेराला निघाल्यागत हात हालवत?” पारावरची माणसं खदखदून हसली. लालासाहेबही हसले. पण घरी येईपर्यंत कान तापलेले होते. उभ्या गावात बाई रिकाम्या हातानं रस्त्यानं चालत नाही. घागर असते, पाटी असते, नाहीतर काखेत पोर तरी असतं. नुसती चालते ती एक तर वेडी, नाहीतर घरच्यांनी हाकललेली.

“चालायचं तर चाल,” ते बायकोला म्हणाले. “पर इळा घे. येताना वैरणीचा भारा आण. डाक्टरचं बी हुतंय आन लोकांचं त्वांड बी बंद हुतंय.”

बनुबाईंनी एकदा गोठ्याकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. मग विळा उचलला.

तेव्हापासून पारावर कुणी हसलं नाही. उलट दादासो म्हणू लागला, “वहिनी म्हंजे वाघीण हाय रं! ह्या वयात एवढा भारा!” लालासाहेबांना ते ऐकायला गोड वाटायचं. ते मुद्दाम त्या वेळेला पारावर जाऊन बसायचे.

“मावशी, मी काय विचारते?”

बनुबाईंनी पदर पुन्हा डोक्यावर घेतला. “मलाच लाज वाटती बाई, मोकळं चालायची. म्हनून वैरणीचा भारा आणती. ह्ये नगंच म्हनत्यात. मीच ऐकत न्हाई.”

लालासाहेबांनी बायकोकडं बघितलं नाही. बघवलंच नाही.

आता डॉक्टरबाई चिडल्या. “कसली लाज? मलकापुरात तुमच्या वयाच्या बायका बूट घालून हायवेच्या कडेनं चालतात. मी हात मोकळे सोडून चाला म्हटलं होतं. चाळीस किलोचं ओझं घेऊन चढ चढा म्हटलं नव्हतं. हे प्रेशर असंच राहिलं आणि डोक्यातली शीर फुटली, तर एक बाजू जाईल. बोलणं जाईल. किंवा माणूसच जाईल. कालची चक्कर म्हणजे सूचना होती, कळलं?”

“व्हय,” बनुबाई हळूच म्हणाल्या. चुकलेल्या पोरीसारखी त्यांची मान खाली गेली होती. दुसऱ्याच्या वाटणीचं रागावणं त्या मुकाट्यानं ऐकून घेत होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी हेच केलं होतं. लालासाहेबांच्या ते आज पहिल्यांदा ध्यानात आलं, आणि त्यांना खुर्चीत बसवेना.

डॉक्टरबाईंनी नवी गोळी लिहिली आणि मोर्चा त्यांच्याकडं वळवला. “काका, तुम्ही शिस्तीचे आहात म्हणून तुम्हाला सांगते. मावशी ऐकणार नाहीत. घरात जनावरं आहेत तोवर ह्यांचं डोकं मोकळं राहणार नाही. म्हशी असतील त्या विकून टाका. बायकोपेक्षा म्हशी मोठ्या आहेत का?”

“बघतो की,” बनुबाई घाईनं म्हणाल्या. “औंदा बघतो बाई. गिऱ्हाईक आलं की देतो. चला आवं, उठा, एस्टी जाईल.”

त्यांनी नवऱ्याचा हात धरून ओढला. लालासाहेब उठले नाहीत. बाहेर बाकावर गावचीच दोन माणसं नंबर लावून बसली होती आणि दार उघडं होतं. त्यांनी दाराकडं पाहिलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

“ती खोटं बोलती, डाक्टरबाई,” ते म्हणाले. “भारा मी वाहायला लावला. त्यो जातो दादासोच्या गोठ्यात. आमच्या म्हशी इकून दोन दिवाळ्या झाल्या.”