केरिगनचं घर

कावळा पिंडाला शिवत नव्हता.

कराडच्या घाटावर मोरेश्वरकाकांनी फोन उंच धरला होता. इकडे आयर्लंडमधल्या गॉलवेत त्यांचा पुतण्या इंद्रनील लॅपटॉपसमोर बसला होता. वर पांढरा सदरा, खाली ट्रॅकपँट. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जायची सोय नव्हती, म्हणून वडिलांचा दहावा डायनिंग टेबलावर आला होता. आई कराडच्या घरून कॉलवर होती.

"अण्णा, वहिनींची काळजी नको," काका पिंडाला म्हणाले. कावळा ढिम्म. "तुमचं पुस्तक आम्ही छापू." कावळ्याने मान दुसरीकडे फिरवली.

पुस्तक म्हणजे केरिगनचं चरित्र. गॉलवेजवळच्या खेड्यातून अमेरिकेला गेलेला, दीडशे वर्षांपूर्वीचा वकील, पुढे सिनेटर. कराडच्या कोर्टात जन्म काढलेल्या अण्णांना तो अशिलांपेक्षा जवळचा. मुलाकडे त्यांनी एकच मागितलं होतं: केरिगनच्या जन्मघराचा फोटो. गाडीने वीस मिनिटं. आधी "पुढच्या रविवारी, अण्णा" झालं, मग लॉकडाऊन आला आणि इंद्रनीलला चक्क बरं वाटलं. लॉकडाऊन उठल्यावर मात्र कारण उरलं नाही. तेव्हा सोफ्यावर आडवं पडूनच त्याने सांगून टाकलं, "पाडलं ते घर. पेट्रोल पंप झालाय तिथे." अण्णांनी शेवटच्या प्रकरणात तसं लिहिलं.

"अजून तिघांचं व्हायचंय," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करू या?"

इंद्रनील भडाभडा बोलू लागला.

"अरे, म्यूट काढ आधी!" काका ओरडले.

म्हणजे आता सगळ्या घाटासमोर.

"अण्णा, फोटो आणतो. ते घर आहे की नाही, मला माहीत नाही. मी गेलोच नव्हतो."

कावळा उतरला, शिवला.

"सुटले अण्णा!" म्हणत काकांनी फोन खिशात टाकला. पडद्यावर खिशातला अंधार आणि आई, एवढंच उरलं.

"आहे ते घर," आई म्हणाली. "कंप्युटरच्या नकाशावर शोधलं होतं त्यांनी. हिरवं दार आहे, बाहेर सायकल. मलाही दाखवलं."

"मग पुस्तकात पाडलं असं का लिहिलं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, साक्षीदार घरचा आहे. उलटतपासणी नको."