शांतव्वाची टाच

"डॉक्टरबाई, ह्यातला आठ नंबरचा आजार मला हाय," असं म्हणून सिद्धाप्पानं टाइप केलेले बारा कागद टेबलावर ठेवले आणि गुन्हा कबूल करायला आल्यासारखा हात जोडून उभा राहिला.

डॉ. संयोगिता मानसोपचारतज्ज्ञ. कॉलेजातल्या व्याख्यानासाठी त्यांनी लैंगिक विकृतींचा आढावा हातानं लिहून काढला होता आणि टायपिंगला सिद्धाप्पाकडे दिला होता. राजारामपुरीत त्याचं झेरॉक्सचं दुकान. तीस वर्षांत त्यानं लग्नपत्रिका टाइप केल्या, साखर कारखान्याचे अहवाल टाइप केले, पण टाइप करताना घाम फुटला तो पहिल्यांदाच. कुणाला चोरून बघायचा नाद, कुणाला चारचौघांत उघडं व्हायचा, कुणाला गर्दीत अंग घासायचा. सहा महिन्यांवर टिकला तर लक्ष द्यावं, असंही लिहिलेलं. सात नंबरपर्यंत त्यानं शिव्या घालत टाइप केलं. आठव्याला बोटं थांबली. दुसऱ्याच्या वेदनेतून सुख मिळणे.

"सहा म्हैनं कुठलं, बावीस वर्सं झाली," तो म्हणाला. "बायकूची टाच दुखली की मला आनंद व्हतोय."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "बसा अण्णा. नीट सांगा."

सिद्धाप्पा बसला आणि सांगत सुटला. त्याच्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल येत नाही. आईचा कायदाच तसा. पण लग्नानंतर वर्षभरात शांतव्वाची टाच धरली, आणि टाचेसाठी म्हणून एक जोड घरात आला. तोही कसला, तर अस्सल कोल्हापुरी, तळाच्या दोन थरांमध्ये बिया घातलेला. पाऊल टाकलं की कर्रकर्र. संध्याकाळी शांतव्वा म्हणायची, "टाच ठणकतीया ओ," आणि स्वयंपाकघरातून माजघरात कर्रकर्र सुरू व्हायची. त्या आवाजानं सिद्धाप्पाचा जीव असा हरखायचा, की चहा कपातनं बशीत यायचा. जगात आपल्यासारखा सुखी माणूस नाही, असं त्याला वाटायचं. आता कळलं होतं, की आपण सुखी नाही, विकृत आहोत. बिचारीची टाच ठणकते आणि आपण इकडे मनात लाडू फोडतो.

"मग काय केलंत?"

"औषीद माझं मीच केलं. चप्पल उचलली, चपला करणाऱ्या आकारामच्या दुकानात न्हेऊन टाकली. म्हटलं, बिया काढ. आनि हिला मऊ रबरी चप्पल आणली. तीन आठवडं झालं. हिची टाच एकदाबी दुखली न्हाय, पर धड बोलतबी न्हाय माझ्यासंगं. घर खायला उठतंय." सिद्धाप्पाचे डोळे भरून आले. "तिला हे कळलं तर ती सरळ नेसरीला म्हायेरी जाईल, बाई. तिच्याबिगार मी काय करू?"

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. "एक सांगा. टाचदुखीला टणक कोल्हापुरी चप्पल?"

"तिला तीच सोसती."

"आणि टाच रोज दुखायची?"

"न्हाय, न्हाय. सोमवारी कवाच न्हाय. उपास असतोय. श्रावणात तर म्हैनाभर ठणठणीत. लेक हॉस्टेलवरनं घरी आली की आपोआप बरी. देवाची करणी, दुसरं काय."

डॉक्टरांनी नजर वर पंख्याकडे वळवली. मग घसा साफ करून म्हणाल्या, "शेवटचं पान टाइप केलंत?"

"हात उचलला न्हाय, बाई."

"तिथंच घोळ झाला. त्यात लिहिलंय, की आवड निराळी असली म्हणून तो आजार होत नाही. त्या आवडीचा स्वतःला जाच झाला, किंवा दुसऱ्याला त्याच्या मर्जीविरुद्ध त्रास झाला, तर तो विकार. तुम्हाला आवाज आवडतो ना? आवडू दे. टाचेचं मात्र त्यांनाच विचारायला हवं. कधी विचारलंत?"

बावीस वर्षांत विचारलं नव्हतं. आणि शांतव्वा तर बाहेरच बाकावर बसली होती. बीपी दाखवून येतो म्हटल्यावर तिनं त्याला एकटं सोडलं नव्हतं.

सिद्धाप्पानं दार उघडून तिला आत बोलावलं. ती आली, पण रबरी चपलेचा आवाज कसला येतोय. खुर्चीपाशी पोहोचायच्या आत तो एका दमात बोलून गेला, "तुझी टाच दुखली की मला बरं वाटतंय. त्या चपलेच्या आवाजापायी. लई वाईट माणूस हाय मी. मला माफ कर."

शांतव्वानं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, मग स्वतःच्या पायांकडे.

"म्हंजे चप्पल तुमी ह्यापायी न्हेली व्हय?" ती म्हणाली. "मी म्हटलं, माझ्यावरनं तुमचं मनच उडालं. तीन आठवडं भाकरी गोड लागली न्हाय मला."

"अगं, पर तुझी टाच..."

"टाचंला काय धाड भरलीया? माझी टाच कवाच दुखली न्हाय."

सिद्धाप्पा मटकन खुर्चीत बसला. "मग बावीस वर्सं तू कशापायी..."

शांतव्वा कानापर्यंत लाल झाली. डॉक्टर खाली मान घालून जुळलेलेच कागद पुन्हा जुळवू लागल्या. शांतव्वानं पदर खांद्यावरनं ओढून घेतला, नवऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला खुर्चीतनं उठवलं.

"चला आता. आकाराम सातला दुकान बंद करतोय, त्येच्या आत बिया परत घालून घ्यू. आज बुधवार हाय."