अमावस्येला निघायचं

दिवाणावर सॅक नव्हती.

कुसुमताई बाजारातून आल्या, हातातली भाजी खाली ठेवली आणि तशाच उभ्या राहिल्या. सकाळी ती निळी, गलेलठ्ठ सॅक भिंतीला टेकून पाहुण्यासारखी बसली होती. आता तिथं नुसती सतरंजी. त्यांनी दिवाणाखाली पाहिलं, कपाटामागं पाहिलं. मागच्या खोलीत हातमागाची खटखट चालू होती. घरात माणसं दोनच, आणि सॅकला काही पाय फुटले नव्हते. म्हणजे नवऱ्यानं, सेवकरामजींनी, अखेर नाही म्हटलं. तोंडानं नाही, हातानं.

उद्या त्यांची लेक रुचिका नागपूरहून गाडी घेऊन कुसुमताईंना न्यायला येणार होती. बायकांचाच गट, वनखात्याची परवानगी, दोन रात्री जंगलात तंबूत, आणि ज्याचं ओझं त्याच्याच पाठीवर. कुसुमताईंचं माहेर नाकाडोंगरी. परसात उभं राहिलं की जंगल दिसायचं. भाऊ मोहफुलं वेचायला आत जायचे, या मात्र नाल्यापर्यंत. आधी लहान म्हणून, मग मोठी झाली म्हणून. मग लग्न होऊन मोहाडीला आल्या आणि चरख्यावर बसल्या. नवऱ्यानं मागावर विणायचं, बायकोनं त्याला चरख्यावर सुताच्या कांड्या भरून द्यायच्या, ही कोष्ट्याच्या घरची रीत. पन्नाशी उलटली, तरी नाल्यापलीकडं काय आहे ते पाहायचं राहूनच गेलं.

तयारी मात्र त्यांनी मन लावून केली होती. सॅकमध्ये तांदूळ भरून रोज संध्याकाळी तलावाच्या बांधावर फेऱ्या मारल्या. "काहून वं कुसुम, गिरणी तिकडं गेली का?" शेजारच्या शकुनबाईंनी विचारलं, आणि सगळी आळी हसली. लोणच्याची बरणी सॅकमध्ये गेली, रुचिकानं फोनवरून रागावून काढायला लावली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. सेवकरामजी सगळं पाहत होते. हूं नाही की चूं नाही.

आणि हा माणूस कसा, तर पंचांग पाहिल्याशिवाय मागावर नवा ताणा न चढवणारा. उद्या शनिवार, त्यात अमावस्या. तो आता अडवेल, मग अडवेल, अशी कुसुमताई आठवडाभर वाट पाहत होत्या. खरं सांगायचं तर त्यांना तेच हवं होतं. चढणीवर गुडघ्यानं दगा दिला तर? तरण्या पोरींमध्ये आपलंच हसं झालं तर? नवऱ्यानं नाही म्हटलं की ती भीती आपली राहत नाही, त्याच्या नावावर चढते. म्हणून सॅक गेलेली पाहून त्यांना आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचाच राग आला.

दिवसभर सेवकरामजी एक शब्द बोलले नाहीत. जेवायला हाक मारायच्या आधीच स्वयंपाकघरात आले, स्वतःच भात वाढून घेतला, ताट धुऊन ठेवलं. दुपारी चहा केला, तोही एकच कप, आणि साखर शोधायला तीन डबे उघडले. मग चरख्यावर बसून स्वतःच कांड्या भरायला लागले. सूत घडीघडी तुटत होतं. कुसुमताई पुढं झाल्या, पण त्यांनी मान वर केली नाही. चोर तर चोर, वर शिरजोर, कुसुमताई मनात म्हणाल्या. सॅक लपवायची आणि फुगूनही आपणच बसायचं.

संध्याकाळी त्यांनी रुचिकाला सांगायला फोन हातात घेतला. 'तुझ्या बाबांनी जाऊ दिलं नाही.' वाक्य तयारच होतं. जन्मभर वापरून गुळगुळीत झालेलं. माणूस तेवढा बदलायचा, कधी बाबा, कधी भाऊ, कधी सासरे. बोट नंबरावर थांबलं. एकदम त्यांच्या ध्यानात आलं की नाल्यापलीकडं जाण्यासाठी या वयात तांदळाचं ओझं त्यांनी वाहिलं होतं, दुसऱ्या कुणी नाही. त्यांनी फोन ठेवला आणि मागाच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अजी, माझी सॅक द्या. उद्या अमावस्या असो का ग्रहण असो. मी जाऊन राहिली."

माग थांबला. सेवकरामजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला.

"अमावस्येले घरून निघू नये."

"मी नाही मानत तसलं काही."

"मी मानतो ना," ते म्हणाले. "म्हणून त आज चांगला दिवस पाहून सॅक शकुनबाईच्या घरी नेऊन ठेवली. परस्तान ठेवलं तुझं."

कुसुमताई पाहतच राहिल्या. जायचा दिवस वाईट असला की आधीच्या चांगल्या दिवशी आपलं सामान हळदकुंकू वाहून शेजाऱ्याकडं ठेवायचं, हे त्यांना माहीत होतं. सासरे काशीला गेले तेव्हा त्यांचं ठेवलं होतं. रुचिका नोकरीवर रुजू व्हायला गेली तेव्हा तिचं. परस्तान ठेवलं की माणूस निघाला असंच धरतात. मग अमावस्या आडवी येत नाही, आणि पाऊलही मागं घेता येत नाही. पण कुसुमताईंचं परस्तान आजवर कुणी ठेवलं नव्हतं. तरी दिवसभराचा राग इतक्या लवकर कसा सोडायचा?

"मंग दिवसभर माझ्याशी बोलले काहून नाही?"

सेवकरामजींनी तुटलेलं सूत उचललं आणि गाठ मारायला घेतलं.

"कोनासंग बोलू? तू त सकाळीच निघाली. मले एकट्याले राहाले जमते का, पाहून राहिलो."